खारपाणपट्ट्यात ढोरांचं पाणी आणि मीठ कसं सांभाळावं

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात मी पशुवैद्य म्हणून काम करते. इथे बोअरला पाणी लागलं म्हणजे काम झालं असं नसतं, कारण लागलेलं पाणी खारं असतं. माणसांसाठी नळयोजना येते, टँकर येतो, गावात आरओचा प्लांट बसतो. ढोरांच्या वाट्याला मात्र बोअरचंच पाणी. मग एप्रिल लागला की फोन सुरू होतात. दूध उतरलं, शेण पातळ झालं, बोकड नुसता कुंथतो, वासरू लाल मुतून रायलं. प्रत्येकाला वाटतं की आपल्या ढोराला वेगळाच रोग झाला. पण यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ शेवटी पाणी, मीठ आणि मूत्रपिंड यांच्या हिशेबात सापडतं. हा हिशेब डॉक्टरची वाट न बघता घरच्या घरी मांडता येतो, आणि तो मांडला तर पुढची बरीच औषधं वाचतात.

माझं सांगणं एकच आहे. मीठ किती द्यायचं हे पाण्याकडे बघून ठरवा आणि ठरवलेलं बरोबर आहे की नाही हे मुताकडे बघून तपासा.

आधी एक गुर्दा चिरून बघा

मटणाच्या दुकानातून बोकडाचा एक गुर्दा आणा, म्हणजेच मूत्रपिंड. धारदार सुरीने तो लांबीच्या बाजूने उभा चिरा. बाहेरचा थर तांबूस-तपकिरी दिसेल, आतला थर वेगळ्या रंगाचा आणि बारीक रेघांचा, आणि मधोमध पांढरट पोकळी. या पोकळीतून मूत्रवाहिनी निघते. घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा. हे एकदा हातात घेऊन बघितलं की पुढचं सगळं पटकन कळतं.

बाहेरच्या थरात लाखो बारीक गाळण्या असतात. रक्ताच्या दाबाने पाणी, मीठ, युरिया, साखर असं सगळं तिथे गाळून एका नळीत उतरतं. रक्तपेशी आणि प्रथिनं मागे राहतात. चारशे किलोच्या गाईत असं दिवसाला हजार लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं, आणि गाय मुतते साधारण दहा ते वीस लिटर. बाकीचं सगळं पाणी, आणि त्यासोबतचं बहुतेक मीठ, नळीच्या वाटेवरच रक्तात परत ओढून घेतलं जातं. म्हणजे मूत्रपिंडाचं मोठं काम बाहेर टाकण्याचं नाहीच. काय परत घ्यायचं आणि किती घ्यायचं हे ठरवण्याचं आहे.

आतल्या रेघांच्या थरात नळी खोल उतरते, वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. चढणीवरच्या भिंती मीठ बाहेर फेकतात, पण पाण्याला बाहेर जाऊ देत नाहीत. त्यामुळे गुर्द्याचा हा आतला भाग खारट होत जातो, जितकं खोल तितका जास्त खारट. पुढे मूत गोळा करणारी शेवटची नळी याच खारट भागातून खाली जाते. तिच्या भिंती पाण्याला वाट देणाऱ्या झाल्या तर आजूबाजूचं मीठ पाणी ओढून घेतं आणि मूत दाट होतं. भिंती बंद राहिल्या तर मूत पातळ आणि भरपूर.

या भिंती उघडायच्या की नाही हे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं एडीएच हार्मोन ठरवतं. रक्त थोडंसं जरी दाट झालं तरी ढोराला तहान लागते आणि हे हार्मोन वाढतं. दुसरं हार्मोन अल्डोस्टेरॉन. ते मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क ग्रंथीतून येतं आणि शरीरात सोडियम कमी पडू लागलं की नळ्यांना सोडियम परत ओढायला लावतं. ज्या गाईला महिनोनमहिने मीठ मिळत नाही तिच्या मुतात सोडियम जवळजवळ सापडतच नाही, इतकं हे यंत्र काटेकोर आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांत तर हे हार्मोन लाळेवरही चालतं. एरवी सोडियमने भरलेली लाळ अशा वेळी सोडियम राखते आणि त्याच्या जागी पोटॅशियम सोडते.

पण मूत दाट करण्याला एक मर्यादा आहे आणि ती प्रत्येक जातीची वेगळी. गाईचं मूत रक्ताच्या फार तर तिप्पट-चौपट दाट होऊ शकतं, माणसाचंही चौपटीच्या आसपास. मेंढी आणि उंट दहापटीपर्यंत जातात. बकरीही या बाबतीत गाईच्या बरीच पुढे. शेणाकडे बघितलं तरी हा फरक दिसतो. गाई-म्हशीचं शेण ओलं पडतं, बकरीची लेंडी कोरडी. म्हणून एकाच हौदावर पिणारी बकरी ठणठणीत राहते आणि गाय खंगते. मीठ शरीरात शिरलं की ते बाहेर काढायला पाणी लागतंच, आणि मर्यादा जितकी खाली तितकं जास्त पाणी लागतं.

पाणी मोजा

जिभेवर विश्वास ठेवू नका. जन्मभर खारं पाणी पिणाऱ्या माणसाला लिटरला तीन हजार मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणीही गोड लागतं. पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजणारं पेनासारखं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. गावात चार जणांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना दिला तर क्लोराईड, सल्फेट, नायट्रेटही कळतात. प्रयोगशाळेच्या कागदावर टीडीएसऐवजी विद्युत वाहकता लिहिलेली असेल आणि एकक डेसीसायमन प्रति मीटर असेल, तर तिला ६४० ने गुणा. आलेला आकडा म्हणजे साधारण टीडीएस.

एका लिटरमध्ये १००० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असतील तर काही विचार करायचा नाही. ३००० पर्यंतचं पाणीही सगळ्यांना चालतं. ३००० ते ५००० मध्ये सुरुवातीला शेण पातळ होतं, ढोर पाण्याला तोंड लावायला कुरकुर करतं, मग सवय होते. पण दुधाळ गाईचं दूध उतरू शकतं. ५००० ते ७००० चं पाणी भाकड, मोठ्या जनावरांना निभावतं. गाभण, दुधाळ आणि लहान ढोरांना ते नको. ७००० च्या पुढे टाळा. १०,००० च्या पुढचं पाणी कुठल्याच ढोराला देऊ नका. सल्फेट जास्त असेल तर या आकड्यांच्याही आधी त्रास सुरू होतो. मोठ्या ढोरांसाठी ते लिटरला १००० मिलिग्रॅमच्या आत आणि वासरांसाठी ५०० च्या आत असावं.

उन्हाळ्यात पुन्हा मोजा. आणि बोअरचं मोजून थांबू नका, हौदातलंही मोजा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. हौदातलं पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. उरलेल्या पाण्यावर रोज नवं पाणी ओतत राहिलं की आठवड्याभरात हौदातलं पाणी बोअरपेक्षा बरंच खारं होतं. काठावर पांढरी पापडी दिसली की समजा. हौद रोज तळापासून रिकामा करा, पापडी घासून काढा आणि वर सावली करा. याला खर्च काहीच नाही आणि फरक मोठा पडतो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. आरओच्या प्लांटमधून बाहेर पडणारं पाणी ढोरांना पाजू नका. वाया का घालवा, ढोर तरी पितील, या चांगल्या हेतूने ते पाजलं जातं. पण आत गेलेल्या पाण्यातलं निम्मं गोड होऊन निघालं तर त्याचे जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या निम्म्यात येतात. म्हणजे मूळ पाण्याच्या दुप्पट खारं पाणी आपण ढोरांपुढे ठेवतो.

गोडं पाणी थोडं असेल तर आधी कोणाला

गोडं पाणी सगळ्यांना पुरत नाही, हे मी इथे राहून बघते. म्हणून वाटणी मूत्रपिंडाच्या हिशेबाने करा. सगळ्यात आधी वासरं आणि हगवण लागलेलं कुठलंही ढोर. मग दुधाळ जनावरं, कारण दुधात ८० ते ८७ टक्के पाणीच असतं आणि ते कुठून तरी यावं लागतं. मग शेवटच्या दोन महिन्यांतली गाभण. तिला जास्त मीठ गेलं तर कासेची सूज वाढते, पहिलारू कालवडीत तर विशेष. त्यानंतर कामाचे बैल, मग भाकड ढोरं, आणि शेवटी बकऱ्या. खच्ची केलेला बोकड मात्र या रांगेत पुढे घ्यायचा, त्याचं कारण खाली येईल.

म्हशीचं थोडं वेगळं आहे. आमच्याकडची पूर्णाथडी म्हैस, जिला लोक भुरी म्हणतात, फिकट अंगाची असल्यामुळे काळ्या म्हशीपेक्षा ऊन बरं सोसते. तरी म्हैस ती म्हैसच, घामाच्या ग्रंथी कमी. अंग थंड ठेवायला तिला बाहेरून पाणी लागतं. तिथे खारं पाणी खुशाल वापरा. अंगावर ओतायला, डुंबायला बोअरचं पाणी चालतं. अंगावरच्या खाऱ्या पाण्याने पिण्याचं गोडं पाणी वाचवता येतं.

पाणी मिसळण्याचा हिशेब सोपा आहे. बोअर ६००० चं आणि शेततळ्याचं पाणी ४०० चं असेल, तर निम्मं-निम्मं मिसळल्यावर ३२०० येतं. तीन भाग गोडं आणि एक भाग खारं घेतलं तर १८००. वासरांना आणि दुधाळ गाईंना असं मिसळलेलं द्या आणि भाकडांना सरळ बोअरचं. आज गोडं, उद्या खारं असं मात्र करू नका. बदल करायचा तर चार-पाच दिवसांत हळूहळू. गाईला एकूण किती लागतं? दहा लिटर दूध देणारी गाय उन्हाळ्यात ८० लिटरच्या वरही पिते, बकरी चार ते आठ लिटर. कोरड्या कुटारावर आणि कडब्यावर असलेलं ढोर हिरव्या चाऱ्यावरच्यापेक्षा जास्त पितं, कारण हिरव्या चाऱ्यात पाणी असतंच.

आता मीठ

चाऱ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. म्हणून गाय-बकरीला मीठ द्यावं लागतं, ते योग्यच आहे. दुधाळ गाईला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम, बकरीला ५ ते १० ग्रॅम. पण हे आकडे गोड्या पाण्याच्या मुलखातले. आमच्याकडे जरा गुणाकार करून बघा. लिटरला ३००० मिलिग्रॅम म्हणजे ३ ग्रॅम क्षार. गाय ६० लिटर प्यायली तर पोटात १८० ग्रॅम क्षार गेले. ते सगळंच काही आपण जेवणात घालतो ते मीठ नव्हे, पण त्यात सोडियम आणि क्लोराईडचा वाटा मोठा असतो. म्हणजे खुराकात चिमूटभर मीठ न घालताच तिची गरज भागून वर कितीतरी उरतं. त्यात बाजारातल्या पशुखाद्यात साधारण १ टक्का मीठ आधीच असतं. चार किलो खाद्य म्हणजे ४० ग्रॅम. त्यावर घरचं मूठभर मीठ आणि गव्हाणीला टांगलेली मिठाची वीट. हा सगळा बोजा त्या दोन गुर्द्यांवर पडतो.

म्हणून पाणी ३००० च्या वर असेल तर खुराकातलं मीठ बंद करा आणि मिठाची वीट काढा. खनिज मिश्रण बंद करू नका. कॅल्शियम, फॉस्फरस, तांबं, जस्त पाण्यातून भरून निघत नाही, उलट सल्फेटवाल्या पाण्यात तांब्याची गरज वाढते. मिश्रण घेताना त्यात मीठ घातलेलं नाही ना, एवढं पोत्यावर वाचून घ्या.

सरकी ढेपेबद्दलही सांगते, कारण तिच्यावर आपला जीव फार. ढेपेत प्रथिनं जास्त. गरजेपेक्षा जास्त प्रथिनांचा युरिया होतो आणि तो बाहेर काढायलाही मूत्रपिंडाला पाणीच लागतं. खारं पाणी आणि वर भरमसाट ढेप म्हणजे एकाच वाटेवर दुप्पट गर्दी. ढेप द्या, पण दुधाच्या हिशेबात द्या.

मृग बरसून शेततळी भरली, ढोरं गोडं पाणी प्यायला लागली, की मीठ पुन्हा सुरू करायला विसरू नका. उन्हाळ्यात बंद केलेलं मीठ बंदच राहतं आणि ऑगस्टमध्ये गाय भिंती चाटते, दावं चघळते, शेजारणीचं मूत पिते, दूध उतरतं. हाडं चघळत असेल तर मात्र फॉस्फरसकडे बघा, ती कमतरता वेगळी.

मूत कसं वाचायचं

घरात दुधाचा लॅक्टोमीटर असतोच. एक जुना लॅक्टोमीटर मुतासाठी बाजूला काढा, त्यावर लाल दोरा बांधा आणि तो पुन्हा दुधात घालू नका. लॅक्टोमीटरवरचा ३० चा आकडा म्हणजे घनता १.०३०, २० म्हणजे १.०२०. तो दुधात असो की मुतात, मोजतो घनताच.

नमुना सकाळी घ्या, ढोर पाण्यावर जाण्याआधी. गाय उठल्यावर बहुतेक वेळा मुततेच. नाही मुतली तर योनीच्या खालच्या कातडीवर हात वर-खाली अलगद चोळत राहा, मिनिटभरात मुतते. सुरुवातीची धार सोडा, मधली स्टीलच्या उंच पेल्यात धरा. थंड होऊ द्या, फेस बसू द्या, मग लॅक्टोमीटर सोडा. त्यावर छापलेल्या तापमानापेक्षा दर तीन अंश सेल्सिअस जास्त उष्णतेला वाचनात एक मिळवा.

निरोगी, पाणी मिळणाऱ्या गाईचं वाचन बहुधा २० ते ४० च्या दरम्यान येतं, रंग फिकट पिवळा. ४० च्या वर गेलं आणि रंग गडद झाला तर पाणी कमी पडतं आहे. मग हौद रिकामा पडतो का, पाणी तापतं का, दांडगी म्हैस गरीब गाईला हौदावर येऊ देते का, हे बघा. गाय खूप पिते, खूप मुतते, शेण पातळ आहे आणि वाचन मध्यम आहे, तर मूत्रपिंड मीठ धुऊन काढण्यात गुंतलं आहे. पाणी मोजा, मीठ काढा.

सगळ्यात महत्त्वाचं यापुढचं. ढोर सुकलेलं आहे, डोळे खोल गेलेत, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसत नाही, आणि तरी मूत पाण्यासारखं, वाचन १० च्या आसपास. काही लॅक्टोमीटर १५ पासूनच सुरू होतात, मग तो खुणांच्याही वर बुडालेला दिसेल. सुकलेल्या शरीरात मूत्रपिंडाने मूत दाट करायलाच हवं होतं. ते करत नाही म्हणजे आता मूत्रपिंडच आजारी आहे. इथे घरगुती उपाय संपतात, डॉक्टरला बोलवा. उलट सुकलेलं ढोर आणि दाट मूत असेल तर मूत्रपिंड आपलं काम करतं आहे, त्याला पाणी द्या.

लाल मूत दिसलं तर काचेच्या पेल्यात घेऊन तासभर हलवू नका. तळाशी लाल गाळ बसला आणि वर स्वच्छ झालं तर मूत्रमार्गात कुठेतरी रक्त येतं आहे. तासाभरानेही सगळंच एकसारखं लाल किंवा कॉफीच्या रंगाचं राहिलं तर अंगातल्या तांबड्या पेशी फुटत आहेत. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात असं होतं, नुकत्याच व्यालेल्या म्हशीत फॉस्फरस कमी पडलं तरी होतं, आणि वासरात एका तिसऱ्याच कारणाने होतं.

तहानलेल्या ढोराला पाणी कसं पाजावं

वासराचं ते तिसरं कारण म्हणजे पाणीच. दिवसभर दावणीला बांधलेलं, तहानलेलं वासरू संध्याकाळी हौदावर सोडलं की ते पोट टम्म होईपर्यंत पितं. पाणी झपाट्याने रक्तात शिरतं, रक्त एकदम पातळ होतं, तांबड्या पेशी फुगून फुटतात आणि त्यातलं हिमोग्लोबिन मुतातून लाल होऊन येतं. दोन ते दहा महिन्यांच्या वासरांत हे जास्त दिसतं. सिनाईच्या वाळवंटातली काळी बेदुइन बकरी तीन-चार दिवसांनी एकदा पाण्यावर येते आणि वजनाच्या ३० ते ४० टक्के पाणी एका दमात पिते. तिला काही होत नाही, कारण ते पाणी तिच्या मोठ्या पोटात साठून राहतं आणि सावकाश रक्तात येतं. आपल्या वासराला ते साधत नाही. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं पाणी द्या, किंवा पाणी कायम समोर ठेवा म्हणजे अधाशीपणा येतच नाही. थोडंसं लाल मूत एक-दोन वेळा येऊन आपोआप थांबतं. वासरू लडखडत असेल, झटके येत असतील, तर ती तातडीची वेळ आहे.

मोठ्या ढोरांचा धोका दुसरा. बोअरची मोटर जळाली, दोन दिवस पाणी नाही, आणि ढोर खुराक, मीठ, कुटार खातच आहे. किंवा इतकं खारं पाणी समोर आहे की ते पीतच नाही. मग मीठ चढतं. ढोर भिंतीला डोकं लावतं, गोल फिरतं, दिसेनासं झाल्यासारखं धडकतं, थरथरतं. अशा वेळी जीव कळवळतो आणि आपण बादलीभर गोडं पाणी पुढे करतो. तसं करू नका. मेंदूच्या पेशींनी तग धरण्यासाठी आपल्या आतही दाटपणा वाढवून घेतलेला असतो. एकदम गोडं पाणी आलं की ते त्या पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. तासाला वजनाच्या अर्धा टक्का एवढंच पाणी द्या. चारशे किलोच्या गाईला तासाला दोन लिटर. डॉक्टर येईपर्यंत हेच चालू ठेवा आणि हौदाकडे जाऊ देऊ नका.

हगवण लागलेलं वासरू

इथे पाणी आणि मीठ दोन्ही एकाच वेळी वाहून जातात. म्हणून नुसतं पाणी देऊन भागत नाही. आतड्याच्या पेशींना ग्लुकोज मिळालं की ते आत घेताना त्या सोडियमही आत घेतात आणि मागून पाणी येतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत याच तत्त्वावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. आपल्या वासरालाही तेच वाचवतं.

पण वासराला गूळ-पाणी किंवा साखर-पाणी देऊ नका. ऊस-साखर फोडणारं पाचकद्रव्य वासराच्या आतड्यात नसतं. साखर तशीच पुढे जाते, स्वतःबरोबर पाणी ओढते आणि हगवण वाढते. ग्लुकोजच हवं. मेडिकलमधल्या ओआरएसच्या पाकिटावर डेक्स्ट्रोज लिहिलेलं असतं, तेच ते. एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या गोड्या पाण्यातच घाला. खाऱ्या पाण्यात घातलं तर सगळं माप बिघडतं. पस्तीस-चाळीस किलोच्या वासराला दीड ते दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. दूध बंद करायचं नाही, पण दूध आणि हे पाणी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. हा प्रथमोपचार आहे. जनावरांसाठीचं खास पाकीट मिळालं तर ते जास्त चांगलं, त्यात हगवणीने वाढलेलं आम्ल मारणारा भाग जास्त असतो. वासरू चोखत नसेल, आडवं पडलं असेल, तोंड गार लागत असेल तर तोंडाने काहीच पाजू नका. ते फुप्फुसात जातं. त्याला शिरेतून सलाईन लागतं.

खच्ची केलेला बोकड

बकरी ईदसाठी लोक बोकड जीव लावून पाळतात. गहू, मका, पोळ्या, कोंडा खाऊ घालतात. धान्यात आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. त्यात लहानपणीच खच्ची केलं की मूत्रनलिका अरुंदच राहते. पाणी खारं म्हणून बोकड कमी पितो, मूत दाट होतं, फॉस्फेटचे खडे बनतात आणि लिंगाच्या टोकावरच्या दोऱ्यासारख्या भागात किंवा मधल्या वळणात अडकतात.

आधीची खूण बघायला शिका. लिंगाजवळच्या केसांवर वाळूसारखे कण चिकटलेले असतात. दिसले की लगेच धान्य निम्मं करा, चारा वाढवा, कोंडा बंद करा आणि गोडं पाणी मुबलक द्या. खाद्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. डॉक्टरच्या सल्ल्याने खाद्यात अर्धा ते एक टक्का अमोनियम क्लोराईड देता येतं, त्याने मूत आम्ल होतं आणि हे खडे बनायचे कमी होतात. गोड्या पाण्याच्या मुलखात अशा बोकडाला जास्त पाणी प्यावं म्हणून मुद्दाम मीठ वाढवून देतात. इथे तो सल्ला तसाच उचलू नका. आपलं पाणी मोजल्याशिवाय तर नाहीच.

बोकड शेपटी हलवत कुंथतो, थेंब थेंब गळतं किंवा काहीच येत नाही, दात खातो, पोटाला लाथ मारतो. ही तासांची गोष्ट आहे, दिवसांची नाही. लोक याला पोट फुगलं समजून तेल पाजतात. मूत जास्त यावं म्हणून पाणी आणि औषधं पाजतात, तेही उलटतं, कारण वाट बंद असताना मागून दाब वाढतो. एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटू शकतं. फुटल्यावर बोकड थोडा वेळ शांत होतो आणि मालकाला वाटतं बरं झालं. कुंथताना दिसला की त्याच तासाला फोन करा.

फोन करताना मला किंवा कुठल्याही पशुवैद्याला पाच गोष्टी सांगता आल्या तर निम्मं निदान रस्त्यातच होतं. ढोर शेवटचं कधी मुतलं आणि मूत कसं होतं. गेल्या चोवीस तासांत किती पाणी प्यायलं. पाण्याचा टीडीएस किती. खुराकात मीठ, ढेप आणि धान्य किती आहे. आणि गेल्या आठवड्यात पाण्याची जागा बदलली का. मुताचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून सावलीत ठेवा, फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये. बाटलीवर वेळ लिहा.